तेरवी झाल्यावर कोण येते?



पाऊस यंदा तुकड्यातुकड्यानं येऊन राहिला. पऱ्हाटी कमरेला लागली, पात्या धरल्या, सोयाबीन फुलोऱ्यात आहे. चक्रीभुंग्याची दोन-चार झाडं धुऱ्याकडून सापडली, त्याचं वेगळं लिहितो. आज पिकाचं नाही. पोळा जवळ आला की मला माझा धुरेकरी आठवते. त्याच्या घरचं गेली दोन वर्षं जे पाहतो आहे, ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस डोक्यात होतं. आपल्या अमरावती-अकोल्यात असं एकही घर नसलेलं गाव शोधावं लागेल, म्हणून कोणाच्या तरी कामी पडेल.

माझ्या वावराला लागून त्याचं वावर. दोन वर्षांपूर्वी आश्विनात तो गेला. स्वतःहून गेला. कसा, ते मी लिहिणार नाही. आपल्याकडे असं काही झालं की तासाभरात व्हॉट्सअॅपवर फोटो फिरतात, चिठ्ठी असली तर चिठ्ठीही फिरते. पुढं काय होते ते फिरवणाऱ्याला माहीत नसते. त्याच्या पोरीला शाळेत दुसऱ्या पोरीनं मोबाईलमधला फोटो दाखवला, "हे तुझे बाबा आहेत ना?" म्हणून. आठवीतली पोरगी. ती पंधरा दिवस शाळेत गेली नाही. तुमच्या मोबाईलवर असं काही आलं तर तिथंच पुसून टाका, एवढं सांगतो आणि पुढं जातो.

पहिले तेरा दिवस घर भरलेलं होतं. मंडप, खुर्च्या, चहाचं पातेलं. एक पुढारी आला, धान्याच्या कट्ट्यासोबत वहिनीला उभं करून फोटो काढून गेला. सोयरेधायरे आले. आणि येणारा प्रत्येक माणूस तेच विचारत होता. "काही बोलला नव्हता काय?" "भांडण गिंडण झालं होतं काय?" "रातच्यानं जेवला होता काय?" "तुले काहीच कसं समजलं नाही वो?" पोलिसांनी एकदा विचारलं, गावानं चाळीसदा. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते, हे मान्य. पण ऐकणाऱ्या बाईच्या कानात त्याचा एकच अर्थ पोचते, की तुला समजायला पाहिजे होतं. ती रात्रभर स्वतःला तेच विचारत असते. आपण दिवसा जाऊन त्यात भर घालतो.

माझी बायको तिथं जायची ती काहीच विचारायची नाही. जाऊन गहू निवडत बसायची. म्हशीची धार काढून ठेवायची. वहिनी बोलली तर ऐकायची, रडली तर रडू द्यायची, चिडली तर चिडू द्यायची. वहिनी चिडायची हो, त्याच्यावरच चिडायची. "मले ह्या पोट्ट्यायसंगं सोडून गेला, त्याचं काय जाते!" असं मोठ्यानं बोलायची. आजूबाजूच्या बायांना ते खटकलं. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणे. का बोलू नये? जीव लावलेल्या माणसावरच माणूस चिडते. तो राग दाबून टाकला तर कुठं जाईल?

आम्हा बाप्यांना असं बसणं जमत नाही, हे मला मान्य आहे. आमच्या हातून काम होते. सोयाबीन उभं होतं, शेंगा तडकायला लागल्या होत्या. आम्ही चार धुरेकऱ्यांनी मिळून ते सोंगलं, गंजी लावली, ताडपत्री टाकली, थ्रेशर मिळालं त्या दिवशी काढून पोती घरी नेऊन टाकली. मजुरी किती, थ्रेशरचे किती, पोती किती, हे सगळं कागदावर लिहून कागद वहिनीच्या हातात दिला. दिराच्या हातात दिला नाही. दीर नाराज झाला, होऊ दे.

चौदाव्या दिवशी अंगणात मंडपाचे खड्डे राहिले फक्त. खरी गरज तिथून सुरू होते आणि माणसं तिथूनच कमी होतात. काय बोलावं हे समजत नाही म्हणून लोक तो रस्ताच टाळतात. मी पाहिलं, किराणा दुकानात वहिनी आली की बोलणं बंद पडायचं. आमचं दोघांचं ठरलं होतं की त्याचं नाव घेणं सोडायचं नाही. तो डवऱ्याचे बैल हाकताना बेसूर गाणं म्हणायचा, उसनी घेतलेली पावशी परत द्यायचा नाही, हे सगळं आम्ही पहिल्यासारखंच बोलतो. पहिल्यांदा वहिनी त्यावर हसली तेव्हा तिची तीच दचकली.

लहान पोरगा तेव्हा पाचवीत होता. त्याला कोणीतरी सांगून ठेवलं होतं की बाबा दवाखान्यात हार्ट अटॅकनं गेले. गावात राहून असं लपते काय? त्याला शाळेत खरं समजलं आणि मग त्याचा घरच्या कोणावरच विश्वास राहिला नाही. एक दिवस बोरीखाली बसला होता, मला म्हणे, "काका, मी सायकलसाठी हट्ट केला होता, म्हणून?" मी त्याला सांगितलं, नाही रे, बाबाचं मन आजारी होतं, जसं पोट आजारी पडते तसं. तुझ्या सायकलीनं कोणी मरत नाही. हे एकदा सांगून भागलं नाही. वर्षभर तो फिरूनफिरून तेच विचारत होता आणि मी तेच सांगत होतो. लेकरांना त्यांच्या वयाला झेपेल एवढं, पण खरं सांगावं, असं माझं मत झालं आहे.

आता कागदपत्रांचं. हे कोरडं आहे, पण मन सावरायला याचा फार हात लागते, म्हणून सविस्तर लिहितो.

सरकारी मदत १ लाखाची. जवळपास वीस वर्षांपासून तीच रक्कम आहे. त्यातले ३० हजार हातात, ७० हजार मासिक प्राप्तीच्या ठेवीत. पंचनामा, पोस्टमार्टेम, तहसीलदारांचा अहवाल आणि मग जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढं पात्र की अपात्र हा निर्णय. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असलं तर धरतात. कृषी केंद्राची उधारी, सोयऱ्याकडून घेतलेले हातउसने, खाजगी सावकाराचे पैसे, हे हिशेबात बसत नाहीत. आमच्या वहिनीचा कागद 'अपात्र' म्हणून आला. तो शब्द वाचून ती मला म्हणाली, "म्हंजे त्याचं मरण बी नापास झालं काय भाऊजी?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

पण अपात्र झालं म्हणून सगळंच संपलं असं नाही, आणि हे गावात कोणाला माहीत नसते. पासबुक उघडून पाहा, वर्षाला ४३६ रुपये कटले असतील तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आहे. सुरुवातीचे ३० दिवस सोडले तर कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तरी २ लाख मिळतात, यातही मिळतात. २० रुपयेवाली सुरक्षा विमा मात्र अपघाताची आहे, तिच्यात हे बसत नाही. एलआयसीची पॉलिसी असेल आणि तिला वर्ष उलटून गेलं असेल तर दावा मिळतो. "आत्महत्या आहे, इन्शुरन्स भेटत नाही" असं सांगणारे दहा जण भेटतील, त्यांचं ऐकून कागद फाडू नका. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज वेगळा करा, महिन्याला १५०० रुपये आहेत.

आणि वारस नोंद. मृत्यूचा दाखला मिळाला की तलाठ्याकडे अर्ज द्या, फेरफार होऊन सातबाऱ्यावर बायकोचं आणि लेकरांचं नाव लागलं पाहिजे. महिला किसान अधिकार मंच, ज्याला मकाम म्हणतात, त्यांनी २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा ५०५ बायांशी बोलून पाहणी केली होती. त्यांच्यापैकी ४० टक्के बायांच्या नावावर तेव्हाही शेतजमीन झालेली नव्हती. सासरा, दीर 'नंतर पाहू' म्हणतात आणि ते नंतर काही येत नाही. सातबाऱ्यावर नाव नाही तर पीक कर्ज नाही, पीक विमा नाही, घरात शब्दाला किंमत नाही. आमच्या वहिनीचं नाव लागायला नऊ महिने गेले. सहा वेळा मी सोबत गेलो, पुढं ती एकटी जायला लागली.

'आत्महत्याग्रस्त कुटुंब' हा शब्दही मला पटत नाही. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, तसं. वैशाली येडे आठवतात? २०१९ च्या जानेवारीत यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनी केलं होतं. श्याम पेठकरांच्या 'तेरवं' नाटकात त्यांनी काम केलं. ती बाई मंचावर उभी राहून बोलली तेव्हा तिच्यासारख्या किती जणींना वाटलं असेल की आपणही तोंड उघडू शकतो. मागं राहिलेल्या बाईला वेगळी ओळखही असते, पण आपण तिला आयुष्यभर एकाच शब्दात बसवतो.

आता दुसरं, जे मला जास्त जवळचं आहे. माझे मोठे भाऊजी, ताईचे मालक, अकोट तालुक्यातले. केळी, कापूस, हरभरा, सगळं करणारा माणूस. रोज सकाळी त्यांचा फोन यायचा, "का बे, कापसाचे भाव पाह्यले काय?" मागच्या वर्षी हिवाळ्यात तो फोन बंद झाला. मी केला तर हूं-हां करून ठेवायचे. ताई म्हणे पोटाचा त्रास आहे. तीन डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, रिपोर्ट नॉर्मल. मी जाऊन पाहिलं तर माणूस उतरलेला. दाढी वाढलेली. रात्री तीनला उठून ओट्यावर बसतात. हरभऱ्यात तण माजलेलं आणि पाणी द्यायची पाळी तशीच गेलेली. ज्यांनी आयुष्यात धुऱ्यावरचं गवत वाढू दिलं नाही त्यांच्या वावरात हे. पानठेल्यावरच्या राजकारणात आघाडीवर असणारा माणूस कोपऱ्यात बसून राहायचा. नातू मांडीवर येऊन बसला तर हात फिरवायचे, पण लक्ष भलतीकडंच. ताईनं सहज सांगितलं की मागच्या आठवड्यात त्यांनी बैलजोडी अर्ध्या भावात देऊन टाकली, आणि पोराला लोखंडी पेटीतले कागद दाखवून ठेवले.

आमच्या गावच्या आशाताई 'प्रेरणा प्रकल्पा'त घरोघरी फिरून विचारपूस करतात. २०१५ मध्ये सरकारनं आत्महत्या जास्त असलेल्या १४ जिल्ह्यांत हा प्रकल्प सुरू केला, अमरावती-अकोला त्यात आहेत. झोप लागते का, भूक लागते का, कामात मन लागते का, जगणं नकोसं वाटते का, असे प्रश्न असतात. लोक हसण्यावारी नेतात. पण त्यांनी मला सांगितलेलं डोक्यात बसलं होतं. दोन आठवड्यांच्या वर मन उदास, कशातच गोडी नाही, झोप-जेवण बिघडलेलं, अंग जड, सतत चिडचिड, दारू वाढलेली, 'मी ओझं झालो' असं बोलणं, आवराआवर करणं. असं दिसलं की विचारायचं, आणि सरळ विचारायचं. विचारल्यानं डोक्यात विचार घुसते हे खोटं आहे. उलट माणसाला हलकं वाटते.

संध्याकाळी वावरात दोघंच होतो. म्हटलं, "भाऊजी, जीव द्यायचा इचार येते काय मनात?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "येते. रातच्यानं येते."

"किती दिवसांपासून?"

"दिवाळीपासून. तुह्या ताईले सांगजो नको."

मी त्यांना उपदेश केला नाही. तुम्हाला काय कमी आहे, पोरांकडे पाहा, लोक यापेक्षा वाईटात जगतात, हे सगळे शब्द ओठावर येतात, पण त्यानं माणूस आणखी शरमते. मी एवढंच म्हटलं की सांगितलं ते बरं केलं, हा आजार आहे, याचं औषध आहे, उद्या आपण दोघं जाऊ. आणि ताईला सांगावं लागेल, हे लपवायचं नाही. त्या रात्री मी तिथंच झोपलो. फवारणीच्या औषधांची खोली होती, तिला कुलूप लावून किल्ली भाच्याकडे दिली.

हे किल्लीचं हसण्यावारी नेऊ नका. ती वाईट वेळ बऱ्याचदा काही मिनिटांची, काही तासांची असते. तेवढ्यात हाताशी काही नसलं तर माणूस वाचते. श्रीलंकेत १९९५ पासून सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर बंदी आणत गेले आणि आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. तामिळनाडूत कडलूर जिल्ह्यातल्या दोन गावांत 'स्नेहा' संस्थेच्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी गावाची एकच औषध साठवणूक करून पाहिली, प्रत्येकाला स्वतःची पेटी आणि कुलूप. आपल्याकडे औषधाचे डबे खाटेखाली असतात. एवढं तरी आपल्या हातात आहे, त्याला जीआर लागत नाही.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचार विभागात गेलो. रांगेत बसल्यावर भाऊजी म्हणाले, "मी येडा झालो काय रे?" समोर एक मास्तर होते, एक कॉलेजची पोरगी होती, एक आजीबाई होती. म्हटलं, पाहून घ्या, यात येडं कोण दिसते? डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं की परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर दम धरा, मनानं बंद करू नका. समुपदेशन करणाऱ्या ताईंनी रोजचं एक छोटं काम ठरवून दिलं. मन लागो न लागो, सकाळी वावरात एक चक्कर मारायचाच.

ताईनं सोयऱ्यांना ॲसिडिटीच्या गोळ्या म्हणून सांगितलं. मी आड आलो नाही. भाऊजींच्या आईला एका महाराजांकडे न्यायचं होतं, तिकडेही जाऊन आलो. अंगारा लावा, गोळीही घ्या. दोन्हीचं भांडण लावून आपल्याला काय मिळते?

सुधारणा समजली ती अशी. पाचव्या आठवड्यात ताईचा फोन आला, म्हणे, "आज यायनं सालदाराले शिव्या देल्या." ताई रडत होती आणि हसत होती. पण सरळ रस्ता नाही. उन्हाळ्यात बरं वाटलं म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या, महिन्याभरात पुन्हा तेच. पुन्हा सुरू केल्या, आता चालू आहेत.

हे आपल्याच मातीत मोजून पाहिलेलं आहे. गोव्याच्या 'संगत' संस्थेनं 'विश्राम' नावाचा कार्यक्रम अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत केला होता. गावातल्याच लोकांना शिकवलं, त्यांनी घरोघरी बोलायचं, गरज पडली तर डॉक्टरकडे न्यायचं. त्याचे आकडे २०१७ मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्रीत छापून आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शंभरात चार होते, दीड वर्षानं सत्तावीस झाले. आत्महत्येचा विचार मनात येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ वर आलं. कर्ज माफ झालं नव्हतं, भाव वाढले नव्हते, पाऊसही आपला तोच. म्हणून भाव-पाण्याची लढाई सोडा असं मी म्हणत नाही. तोवर माणूस टिकला पाहिजे.

पोलीस केस होईल म्हणून लोक दवाखान्यात न्यायला घाबरतात, त्यात वेळ जाते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला तणावाखाली असलेला समजावं आणि शिक्षा करू नये असं म्हटलं आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत तर ते जुनं ३०९ कलम नाहीच. थेट १०८ लावा. बोलायला कोणी पाहिजे असेल तर टेलिमानस १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येते. राज्याचा १०४ आहे. अमरावतीला इर्विनमध्ये विचारा. यातला एक नंबर मोबाईलमध्ये आत्ताच टाकून ठेवा, ऐन वेळी शोधत बसू नका.

एक राहिलं. आखाडीला भाऊजी आमच्याकडे आले होते. वहिनी कुठं राहतात म्हणे. मी नेलं. ओट्यावर बसले, बराच वेळ पावसाच्या, बियाण्याच्या गप्पा. मग त्यांनी स्वतःहून सांगितलं, मी काही बोललो नव्हतो. "बाई, मी बी तथलोकच गेलो होतो. घरी बायको, पोरं, नातू, सगळे होते. जीव बी होता सगळ्यायवर. पण त्या वक्ती कोणीच दिसत नाही, काहीच दिसत नाही. सांगावं म्हतलं तं तोंड उघडत नाही. तुमचं काही चुकलं नाही."

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "गोया घेता नं तुमी?"

"घेतो."

"घेत जा," म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.